आधी माझा काढा

बाईंच्या परदेश प्रवासांचे सगळे अल्बम मी पाहिले आहेत आणि त्यांत परदेश कुठेच नाही. बाई आहेत. म्हणजे बाईंचा काही ना काही भाग आहे. श्रीलंकेत त्यांना डोकं नाही. जॉर्जियात नुसते बूट आणि साडीचा काठ आहे, बाकी सगळं आभाळ. केनियात त्या पूर्ण आल्यात, पण आडव्या.

"हा बघ, हा त्या भाजीवाल्याने काढलाय," बाई कौतुकाने सांगायच्या.

"पण भाजीवाला कुठाय?"

"समोर होता की. मला दिसत होता."

डोळखांबच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत त्या आमच्या मुख्याध्यापक होत्या. मी शहापूरहून स्कूटरवर जायची, त्या मुरबाडहून मिळेल त्या गाडीने यायच्या आणि तरीही माझ्या आधी पोचलेल्या असायच्या. लग्न केलं नाही, सोनं केलं नाही. दोन-तीन वर्षं साठवायचं आणि मे महिन्यात एखाद्या टूरबरोबर परदेशी जायचं. बाकीचे लोक तिथे जाऊन माणसांचे फोटो काढतात. बाई आपला मोबाईल त्या माणसाच्याच हातात द्यायच्या आणि खुणेने सांगायच्या, आधी माझा काढा. मग तुमचा काढू का? माणूस नको म्हणाला तर नमस्कार करून पुढे. हो म्हणाला तर आधी त्याचा पत्ता लिहून घ्यायचा आणि मग फोटो. पत्ता नसेल तर फोटोही नाही. या सगळ्या सोपस्कारात बहुतेक वेळा बस सुटायची वेळ व्हायची आणि बाईंच्या हाती उरायचा त्यांचा स्वतःचा बिनडोक्याचा फोटो.

जे थोडे निघायचे ते मुरबाडच्या स्टुडिओत छापून पोस्टाने रवाना व्हायचे. पोस्टातला बिचारा कारकून जॉर्जिया अमेरिकेत धरायचा की रशियात, यावर त्यांच्याशी हुज्जत घालायचा. फोटो गेला की बाई मोबाईलमधूनही पुसून टाकायच्या. मी एकदा म्हटलं, एखादा ठेवा की आठवण म्हणून. तर म्हणाल्या, "दुसऱ्याचं तोंड आपल्याकडे ठेवून काय करायचं? त्याला लागेल ना ते."

शाळेतही हाच खाक्या. वरून आदेश आला की मुलं खिचडी खातानाचे फोटो रोज ग्रुपवर टाकायचे. बाईंनी पहिल्याच दिवशी धुतलेल्या ताटांचा फोटो टाकला. ताटं मात्र सुरेख एका ओळीत. वरून विचारणा झाली, विद्यार्थी कुठे आहेत? बाईंनी उत्तर लिहिलं, जेवून खेळायला गेले. पुढे खुद्द साहेब आले तेव्हा बाईंनी त्यांनाही ताट वाढलं. पहिला घास तोंडात गेला तसा बाईंनी मोबाईल वर धरला. साहेब गडबडीने हात आडवा करून म्हणाले, "अहो, जेवताना काय फोटो काढता?" बाई म्हणाल्या, "नाय काढत." आणि मोबाईल खाली ठेवला. त्यानंतर आमच्या शाळेकडून ताटांचे फोटो बिनतक्रार घेतले जाऊ लागले.

हे वेड कुठून आलं ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मुरबाडला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून आत शिरल्यावर खांद्याची पर्स कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं. समोरच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता आणि शेजारी एक मोकळा खिळा. मी पर्स अडकवली. बाई स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

"तिथं नको गो अडकवू."

आवाज चढवला नव्हता, पण मी पर्स अशी काही काढली की चटका बसावा. मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. गडावर चढायला शहरातले लोक येत, तसे एका पावसाळ्यात काही जण आले. आई शेतात आवणी करत होती. डोक्याला फडकं, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाताच्या रोपांची मूठ. त्यांच्यातल्या एकाकडे कॅमेरा होता. बाहेरच्या कुणीतरी आपल्याला फोटो काढण्याजोगं समजावं याचंच आईला केवढं अप्रूप. ती म्हणाली, थांबा, पाय धुते, दुसरं लुगडं नेसून येते. तो म्हणाला, "नको नको, असंच छान!" आणि काढलासुद्धा. जाताना पाठवतो म्हणाला. आईने घरी येऊन वडिलांकडून त्यांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून घेतला. मग रोज वाटेकडे डोळे. पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून उठायची.

"आणि आला नाही?"

"कसा येईल? त्यांनी पत्ताच विचारला नव्हता. आईच्या ते कधी ध्यानातच आलं नाय. मला आलं, पण शाळेत पत्ता लिहायला शिकवला तेव्हा. मग तिला सांगायचं धाडस झालं नाय माझं."

आई गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. पुढे गावचं घर पाडलं, भावांनी वासे-कौलं वाटून घेतली, आणि बाई तो खिळा उपटून मुरबाडला घेऊन आल्या. कुणीतरी कुठेतरी आपल्या आईचा फोटो घेऊन बसलंय, कदाचित भिंतीवरही लावला असेल, दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, असं त्या म्हणाल्या आणि मला बिस्किट घे म्हणून आग्रह केला.

व्हिएतनामला मी त्यांच्याबरोबर होते. टूर आमच्याच दोन तालुक्यांची, बहुतेक शिक्षक, आणि शिक्षकांच्या तोंडी लावायला शहापूरचे एक भातगिरणीवाले शेठ. शेठना फोटोचा नाद होता. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब की ती बाहेर काढली की बसमधली दोन माणसं आपोआप वाकायची. टूर मॅनेजर बदलापूरचा एक पोरगेला तरुण. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके ना?" म्हणायचा आणि उत्तराची वाट बघायचा नाही.

सापा नावाच्या गावाजवळच्या डोंगरात बस वळली आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती दिसली तशी सगळी बस एका बाजूला कलली. लोक समुद्र बघून एवढे हरखले नव्हते. "आवणी चाललेय रे!" असा एकच गलका. घरची आवणी चुकवायला वर्षभर सबबी शोधणारी मंडळी विमानाने येऊन दुसऱ्याची आवणी बघत होती. मॅनेजरने दहा मिनिटांचा फोटो स्टॉप जाहीर केला.

बाईंच्या गावाकडे एक रीत आहे. आवणी चाललेली असताना बांधावर नुसतं उभं राहून बघायचं नाही. येणाऱ्याने एक तरी मूठ लावायची, मग बोलायचं ते बोलायचं. बाईंनी स्पोर्ट्स शूज काढले, साडीचा काचा मारला आणि सरळ चिखलात उतरल्या. तिथे निळ्याकाळ्या कपड्यांतली एक म्हातारी रोपं लावत होती, तिच्या हातातली मूठ मागून घेतली आणि सपासप लावत सुटल्या. मुरबाडची इज्जत राखेल अशी ओळ लावली. म्हातारी कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होती. बाईंचं झाल्यावर ती वाकली आणि बाईंनी लावलेलं एकेक रोप उपटून तिथेच पुन्हा नीट, तिच्या पद्धतीच्या अंतरावर लावलं. सगळी ओळ. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. आपल्या वहीत कुणीतरी लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात तसं त्यांचं तोंड झालं होतं.

मग दोघी हसल्या, आणि चांगल्याच हसल्या. बाईंनी मोबाईल तिच्या हातात दिला. तिने तसल्याच चिखलाच्या हाताने फोटो काढला. त्यात अर्ध्या बाजूला बाई आहेत आणि अर्ध्या बाजूला म्हातारीचा अंगठा. मग बाईंनी बोट दाखवून विचारलं, तुमचा काढू? म्हातारीने स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि हसत मान हलवली. नको. बाईंनी नमस्कार केला आणि वर आल्या.

बस सुटणार एवढ्यात शेठनी कॅमेऱ्याचा स्क्रीन शेजाऱ्याला दाखवला. "बघा, काय लाइट आलाय. झाडामागून घेतला." स्क्रीनवर म्हातारी होती, वाकलेली, मूठ हातात.

बाई पुढच्या सीटवरून उठल्या. "शेठ, तिने नाय म्हटलं होतं."

"तुम्हाला म्हटलं, मला कुठे म्हटलं? आणि तिला कळलंसुद्धा नाही."

"कळलं नाय म्हणून चालतं? मग तुमच्या गिरणीतून रात्रीची पोती उचलली तर चालतील?"

"अहो पण मी तिचं घेतलं काय? उलट किती नॅचरल आलाय. असाच छान आहे."

ते शब्द शेठनी उच्चारायला नको होते. बाई वळल्या. जाऊन बसच्या दारातल्या पायरीवर उभ्या राहिल्या. दार लागेना, बस हलेना. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पुढे लंच लागलंय, ओके ना?" त्या दिवशी जेवायला आमटी-भात मिळणार होता, खास मराठी आचाऱ्याच्या हातचा. सुरुवातीला सगळी बस शेठच्या बाजूने होती. थोड्या वेळाने भूक लागली तशी ती बाईंच्या बाजूने आली. भुकेपोटी माणसं इतक्या झटपट तत्त्वाची होतात हे मी तेव्हा पाहिलं. "जा हो शेठ, विचारून या एकदा," असं मागून सुरू झालं, आणि शेठ पांढऱ्या बुटांनिशी बांधावरून तोल सावरत निघाले. मागून बाई, आमची तिथली गाईड मुलगी आणि मी.

शेठनी स्क्रीन पुढे केला. आता ही बया चिखल फेकून मारणार अशी आमची तयारी होती. म्हातारीने हात कपड्याला पुसले, स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग बाकीच्या बायकांना हाका मारल्या. सगळ्या येऊन बघून गेल्या, एकमेकींना ढकलत, हसत. गाईड म्हणाली, आजी विचारतात, हा फोटो मला मिळेल का? माझा एकही नाही.

बाईंचं तत्त्वच बिचारं बांधावर आडवं झालं. ज्या चोरीसाठी त्यांनी बस अडवली होती ती चोरी मालकिणीला पसंत पडली होती.

"पाठवतो, पाठवतो," शेठ बसकडे बघत म्हणाले.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी गाईड मुलीचा नंबर घेतला, तिच्याकडून गावाचं नाव लिहून घेतलं, म्हातारीसमोर गेल्या आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून मराठीत म्हणाल्या, "मी पाठवीन." भाषांतर करायची गरज पडली नाही.

परत आल्यावर बाईंच्या शहापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेठ मोठे गोड माणूस. चहा पाजायचे, नव्या तांदळाचा वास घ्यायला लावायचे आणि फोटो पुढे ढकलायचे. पाऊस ओसरू दे. मुलगा आला की कॉम्प्युटर उघडतो. गिरणीत हळवी भातं येऊन पडलीत, एवढा सीझन जाऊ दे. तिकडून गाईड मुलीचे मेसेज यायचे, आजी विचारतात, फोटो निघाला का? बाई उत्तर द्यायच्या, निघतोय. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तेवढा एक शब्द लिहायला त्यांचा मधल्या सुट्टीचा सगळा वेळ जायचा.

दिवाळीनंतर मी त्यांच्याबरोबर गिरणीत गेले होते. शेठ त्या दिवशी कंटाळले असावेत, कारण त्यांनी खरं सांगून टाकलं. पुढे बोटीवर गेलो ना आपण, तिथे सूर्यास्त असा काही आला, आणि कार्डात जागा नाही. मग मागचे काही पुसले. त्यात ती म्हातारी गेली.

"सूर्यास्त देऊ का तुम्हाला?" शेठ मनापासून म्हणाले. "मोठा प्रिंट काढून देतो. फ्रेमसकट."

बाईंनी चहा संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघाल्या. स्टँडच्या रस्त्याला लागलो. मग म्हणाल्या, "आता आमीच ते लोक झालो गो."

मी समजूत घालायला गेले. त्या गाईड मुलीकडे मोबाईल आहे, तिला सांगा, एक फोटो काढ आणि छापून दे आजीला, संपलं. किती सोपं आहे.

"शब्द तिने कुठं दिलाय? आमी दिलाय."

एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांचा फोटो काढायला स्टुडिओवाला आला होता. त्याच्याकडून कॅमेरा घेऊन त्यांनी आधी त्याचाच काढला, हे सांगायला नकोच. आलेल्या पैशातून मुरबाडच्या घराला बाहेरून प्लॅस्टर करायचं ठरलं होतं. ते राहिलं आणि मे महिन्यात बाई एकट्याच व्हिएतनामला गेल्या. टूर नाही, मॅनेजर नाही, आमटी-भात नाही. बरोबर एक छोटा, हातात मावणारा प्रिंटर. मुरबाडात ज्याला त्याला गंमत. भावाने विचारलं, "तिथं शेत घेतलंस काय?" शाळेत आम्हीही हसलो. बाई गेल्या खड्ड्यात पडायला, असंच सगळ्यांचं मत होतं. मला मात्र धास्ती होती. ती म्हातारी भेटलीच नाही तर? आईसारखी वाट बघून गेली असली तर? मग बाई घरी येऊन त्या भिंतीसमोर बसणार कशा?

जुलैत मी भेटायला गेले. पाऊस धो धो. बाईंनी दारातच माझ्या हातातली ओली छत्री घेतली, आत बसवलं आणि समोर भिजवलेल्या वालाचं भांडं ठेवलं. त्यांच्याकडे गेलं की बिरडं सोलावंच लागतं. सोलता सोलता मी विचारलं, "भेटली?"

"भेटली तर. लांबून ओळखलान मला. आधी मी गेल्या साली ओळ लावली होती तिकडं बोट दाखवून हसली."

बाईंनी गाईड मुलीला मध्ये घालून कबूल केलं होतं, तुमचा तो फोटो आमच्याकडून हरवला. माफ करा. म्हणून आलेय.

"मग? चिडली?"

"ती म्हणाली, बरं झालं. त्यात पाय चिखलाचे होते."

बाई हे सांगताना हातातला वाल सोलायचा थांबल्या. मग पुन्हा सोलायला लागल्या.

म्हातारीने त्यांना अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं. आंघोळ केली, केस विंचरले, ट्रंकेतून सणाचे कपडे काढले. गळ्यातलं शेजारणीकडून मागून आणलं. मग घरासमोर स्टूल मांडून गुडघ्यांवर हात ठेवून बसली, आणि हसली नाही. फोटोत हसायचं नसतं हे आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांसारखं तिलाही ठाऊक होतं. पण त्याआधी तिनेच हात पुढे केला आणि मोबाईल मागितला.

"आधी माझा काढलान. या वेळी अंगठा धुऊन." बाईंनी मोबाईल उघडून दाखवला. तीन-चार अल्बमांत मिळून नव्हत्या एवढ्या बाई त्यात होत्या, डोक्यापासून पायापर्यंत, सरळ उभ्या.

"आणि तिचा?"

"तिथंच छापला, तिथंच दिला. भिंतीवर लागलेला बघितला, मग उठले."

"मोबाईलमध्ये असेल की."

"पुसला. तिच्यासमोर."

म्हणजे बाईंनी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आपल्याकडे कुणी पाहिलेला नाही. मीही नाही. मला एकदम भरून आलं आणि ते दिसू नये म्हणून मी भांड्यात खाली मान घालून भराभर वाल सोलले. बाईंनी त्यातले दोन-तीन उचलून माझ्यासमोर ठेवले. साली तशाच राहिल्या होत्या.

अंधारून आलं तशी मी निघाले. छत्री शोधू लागले. दारामागे नव्हती, खुर्चीवर नव्हती. मग दिसली. वडिलांच्या फोटोशेजारी, त्या खिळ्याला अडकवलेली.

मी तिला हात लावला नाही. बाई मागून आल्या, छत्री काढून माझ्या हातात दिली.

"खिळा अडकवायलाच असतो गो," त्या म्हणाल्या. "नीघ आता, पाऊस वाढतोय."

खाली फरशीवर छत्रीचं पाणी गळलं होतं आणि ते टिपायला बाईंनी आधीच एक जुनं फडकं पसरून ठेवलेलं होतं.